माउसखालची बाई

एर्सीलियाला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं इटलीतल्या पार्म्यात कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका. तिला फक्त एकीचंच बघवत नव्हतं. वांदाचं.

एर्सीलिया ऑपेराच्या थिएटरात गायकांचे कपडे शिवता शिवता म्हातारी झाली. नवरा ओरेस्ते खाली तिकीटखिडकीत बसायचा आणि वांदा कोरसमध्ये गायची. गोरीगोमटी, नवऱ्याला सोडलेली, हसली की जिन्यापर्यंत ऐकू यायचं. तिने ओरेस्तेला वाढदिवसाला माउसपॅड दिलं. थिएटरच्याच दुकानातलं, त्यावर एका जुन्यापुराण्या ऑपेराची जाहिरात छापलेली. लाल झग्यातली नायिका केस मोकळे सोडून, हात पसरून गातेय. आता भेट घ्यावी आणि विसरावी की नाही? पण हा बाबा रोज निघताना ते पॅड ओल्या फडक्याने पुसायचा! घरी स्वतःचा चष्मा बायकोने पुसेपर्यंत तसाच घालणारा माणूस!

"दिवसभर त्या बाईच्या अंगावरून हात फिरवतोस, दमत नाहीस?" आनोलिनीचं, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्याचं, सूप वाढता वाढता एर्सीलिया विचारायची.

"अगं, चित्र आहे ते."

"चित्र दिलं कुणी?"

यावर ओरेस्ते मान खाली घालून सूप प्यायला लागायचा. एर्सीलियाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या हिवाळ्यात, पन्नाशी उलटल्यावर, वांदाला पहिल्यांदा एकटीने गायचं छोटंसं काम मिळालं. झगा नेमका लालच हवा होता, आणि शिवायचा कुणी? एर्सीलियाने! माप घेताना एखादी टाचणी टोचावी असं तिच्या फार मनात आलं. त्या रात्री जेवताना तिचा बांध फुटला.

"काही नाही ना तुमच्यात? मग जा वर गॅलरीत आणि तिच्या गाण्यावर शिट्टी मार! तरच मी मानीन."

पार्म्यात शिट्टी म्हणजे तोंडावर थुंकणं. गॅलरीत एकाने मारली की बाकीचे कारण विचारत नाहीत. ओरेस्ते ताटावरून तसाच उठला.

पहिल्या प्रयोगाला एर्सीलिया सुईदोरा घेऊन पडद्याआड उभी होती. वांदा गायली. खोटं कशाला बोला, सुरेख गायली. शेवटचा सूर विरला, क्षणभर सगळं शांत, आणि वरून एक लांबलचक शिट्टी आली. मग दुसरी. मग अख्खी गॅलरी.

वांदा आत आली ती एर्सीलियाच्या गळ्यातच पडली. "मी कुठे चुकले गं? तू ऐकलंस ना? सांग ना, कुठे चुकले?"

"कुठेच नाही," एर्सीलियाच्या तोंडून निघून गेलं. ती झग्याचे हूक काढू लागली. पण आत, अगदी आत, तिला उकळ्या फुटत होत्या. शिट्टी त्याचीच होती, तिला शंकाच नव्हती. माझा नवरा माझाच आहे!

ती धावतच गॅलरीच्या दाराशी गेली. ओरेस्ते भिंतीला टेकून उभा होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला, आणि त्याने घाईघाईने रुमाल खिशात कोंबला. डोळे लालभडक, सुजलेले. सख्ख्या आईला पुरतानाही या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

एर्सीलिया जागीच थिजली. इतके दिवस नुसता संशय होता, तोवर भांडता तरी येत होतं.

"चल, थंडी फार आहे," ती म्हणाली, आणि दोघं घरी निघाली.