तिसऱ्या धक्क्याचं दार

त्या जुन्या विनोदी मालिकेबद्दल हल्ली जो उठतो तो लिहितो. पडद्यामागच्या गमती म्हणे. प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं: घराचं दार अडकायचं, कारण सुतार कच्चा होता. तो सुतार म्हणजे माझे बाबा. म्हणून आता मीच सांगते.

पहिल्या भागाचा सेट घाईत उभा केला. लाकूड ओलं आहे, असं बाबांनी बजावलं होतं, पण ऐकतो कोण? ऐन चित्रीकरणात दार फुगलं. नायकानं दोन धक्के दिले, तिसऱ्याला खांदा लावला आणि थेट आत येऊन आपटला. समोर बसलेले प्रेक्षक पोट धरून हसले. दिग्दर्शक म्हणाले, "हे दार आता असंच राहू दे."

म्हणायला काय जातं? पुढं लाकूड वाळलं आणि दार मुकाट उघडायला लागलं. मग दर आठवड्याला बाबा चौकटीत पातळ पाचर ठोकायचे, रंधा मारायचे, स्वतः खांदा लावून बघायचे. दोनदा अडायला हवं, तिसऱ्यांदा उघडायला हवं. नायकाला लागू नये म्हणून आत गादी टाकायचे. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. चांगलं दार कुणीही करेल हो, असं वाईट दार करून दाखवा.

आणि बक्षीस काय? नव्या घराची दारं करून घ्यायला एक गृहस्थ दुकानात आले. बाबा कोण ते कळल्यावर हसत म्हणाले, "नको बुवा, तुमची दारं अडकतात." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. माझं तर डोकंच फिरलं.

आई म्हणाली, "सोडा ते काम."

"आत्ता सोडलं तर नाव असंच राहील," बाबा म्हणाले. "लोकांसमोर माझं दार नीट उघडल्याशिवाय मी हलत नाही."

शेवटचा भाग ठरला तसे ते दिग्दर्शकांकडे गेले. "या वेळी दार नीट उघडेल."

"छे, लोक त्या धक्क्यासाठी तर बघतात."

"मग पाचर तुम्ही ठोका," बाबा म्हणाले आणि तिथंच स्टुलावर बसले. दुपार झाली तरी उठले नाहीत. शेवटी दिग्दर्शक वैतागले, "करा काय करायचं ते. पण नायकाला सांगायचं नाही." बाबांनी नवं दार बसवलं आणि आत एकाऐवजी दोन गाद्या टाकल्या.

नायकानं सवयीनं खांदा लावला. दारानं हूं की चूं केलं नाही. गडी सरळ गाद्यांवर. एवढं हसू तिथं कधी ऐकलं नव्हतं. मी प्रेक्षकांत होते. मला रडू आलं, कारण लोक पुन्हा बाबांच्या दारालाच हसत होते. पण नायक उठला, संवाद विसरला, एका बोटानं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "सुतारदादा, जरा पुढं या." बाबा भुशानं माखलेल्या कपड्यांत आले, तसे सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले.

टीव्हीवर नेमकं तेवढंच कापलं. वेळ पुरत नव्हता म्हणे.

बाबांनी ते दार मागून घेतलं. आज ते आमच्या घराला आहे. मालिका पाहिलेले पाहुणे येतात, ते आधी खांदा पुढं करतात. बाबा समोर खुर्चीत वाटच बघत असतात.

"बोटानं," ते म्हणतात. "फक्त बोटानं."