हळदीची पोती दिवाणखान्यात का आहेत

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे पोत्यांची थप्पी पाहून तुम्ही दोघे खूप हसलात. आजीच्या घराचं गोदाम झालं, म्हणालात. आधी सगळं क्रमाने ऐका, मग हवं तितकं हसा.

यंदा हळद शिजवून, वाळवून झाली तेव्हा भाव पडलेला होता. तुमच्या काकाने ती विकली नाही. पोती कोंबड्यांच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या जाळीला लावून, पार पत्र्यापर्यंत रचली आणि उरलेल्या अर्ध्या जागेत सगळ्या कोंबड्या रेटल्या. आपल्याकडे हळदीला देवासारखी जागा देतात; कोंबडी मात्र कुठेही मावते असं समजतात.

वैशाखात पत्रा तापला. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. पण पंख पसरायला शेजारणीने जागा तर द्यावी! त्यांचं खाणं सुटलं. पाण्याच्या भांड्यावर झुंबड, एकमेकींची पिसं उपटणं. अंड्याचं कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जाई. मग एका दुपारी काही कोंबड्या मेल्याच.

"रोग आला असंल, माय. औषध आणतो," काका म्हणाला.

"रोग नाही. वाऱ्याची वाट तू पोत्यांनी बुजवलीस. काढ ती."

"अन् हळद कुठं ठिवू? तुझ्या डोक्यावर?"

"दिवाणखान्यात."

"पाव्हणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांना हळद चावत नाही."

भर उन्हात धावपळ केली तर कोंबड्या बिथरून आणखी मरतील, म्हणून ऊन उतरेपर्यंत थांबले. मग पहिलं पोतं मीच ओढायला लागले. तुमची काकू पदर खोचून धावली. "आत्याबाई, सरका, कंबर मोडंल तुमची!" मग काकाला यावंच लागलं.

शेजारीण कुंपणावरून मला म्हणाली, "काहून ओ काकू, कोंबड्यायला बंगला बांधून राहिल्या का?"

"व्हय," मी म्हणाले, "वास्तुशांतीला ये."

आता पाऊस सुरू झालाय. काका रोज विचारतो, "थंड झालं न्हाई का? नेऊ का पोती शेडात?" मी रोज नाही म्हणते. उशीचे अभ्रे पिवळे झाले, शिंका येतात, तरी नाही.

काल आम्लेटसाठी अंडं तव्याच्या कडेवर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा जोरात आपटावं लागलं.

दिवाळीला याल तेव्हा पोत्यांवर बसा. खुर्च्या मी माळ्यावर टाकल्या आहेत.