व्हॅनमावशींची केस

“घाई हाय त्यानं उडत जावं,” असं म्हणत मावशी आधी सीट पुढं ओढायच्या, साडीवरचा खाकी शर्ट सारखा करायच्या आणि मग किल्ली फिरवायच्या. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवो. साताऱ्यात आमच्या भागातली बरीच मुलं त्यांच्याच व्हॅननं शाळेत जायची. मुलं त्यांना व्हॅनमावशी म्हणायची, म्हणून आम्ही मोठी माणसंही तेच म्हणू लागलो.

तुम्ही त्यांची व्हॅन पाहिली असती तर हसला असता. आत आरडाओरडा, वेण्यांची ओढाओढ, डबे सांडलेले. आणि पुढं या बाई, मुंजाबाच्या देवळात बसल्यासारख्या शांत.

माझ्या लेकीचा थांबा शेवटचा. त्या दिवशी मावशींनी तिला माझ्या हातात दिलं आणि त्या वळसा घालून आपल्या दरवाजाशी गेल्या. व्हॅन रस्त्याच्या अगदी कडेला, इंडिकेटर चालू. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याला ओलांडायला एक मोटार सुसाट बाहेर निघाली आणि थेट आमच्या बाजूला घुसली. मावशींचा डावा पाय मांडीत मोडला. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, “ताई, पोरगी घरात गेली न्हवं?”

ऑपरेशन झालं, पायात सळई बसली. चौथ्या दिवशी मोटारमालकाचे काका सफरचंदं आणि एक टाइप केलेला कागद घेऊन आले. दवाखान्याचा सगळा खर्च ते देणार होते. कागदावर लिहिलं होतं, ‘मी अचानक रस्त्यात आले. चूक माझी. तक्रार नाही.’

मावशींचे यजमान फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “कर सही. कोर्टाच्या पायऱ्या ह्या पायानं कवा चढणार हायस?”

“आवं, पण चूक माझी व्हती का?”

“नुसतं लिवायचं असतंय गं.”

“नुसतं कसं? उद्या ह्यो कागद वाचून मला कोण आपलं पोरगं दील?”

काका सफरचंदं ठेवून गेले. कागद मावशींनी परत दिला.

तरी वकील करायचा की नाही, हे ठरेना. कोर्टाचं नाव काढलं की मावशींना घाम फुटायचा. शेवटी माझ्या ओळखीचे एक वकील मी दवाखान्यात घेऊन गेले. ते स्टुलावर बसून सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “जिंकूच असं सांगत नाही. वेळ लागेल, हेलपाटे पडतील. माझ्याऐवजी दुसरा वकील केलात तरी चालेल. पण पाय किती बरा होतो ते कळेपर्यंत कशावरही सही करू नका.”

मावशी म्हणाल्या, “मला कुटं खोटं बोलावं लागंल का?”

“एक शब्दही नाही.”

“मग करा केस.”

निकालाला दोन उन्हाळे गेले. काठी टेकत मावशी प्रत्येक तारखेला जायच्या, यजमान पुढं होऊन गर्दीतून वाट करायचे. मी पाहिलं ते मी साक्षीत सांगितलं. विमा कंपनीच्या वकिलांनी मावशींना खोदून विचारलं, “घरी जायची घाई होती ना तुम्हाला?”

“सायब, घाई हाय त्यानं उडत जावं. मी दरवाजाशी हुबी व्हते.”

सगळं कोर्ट हसलं. टाइप करणाऱ्या बाईसुद्धा.

निकाल लागला. संपूर्ण चूक मोटारचालकाची. भरपाई विमा कंपनीनं द्यायची. मावशींनी वकिलांना ‘संपूर्ण’ हा शब्द तिथंच तीनदा वाचायला लावला. यजमान कोर्टाच्या आवारात दिसेल त्याला पेढा देत सुटले. समोरच्या वकिलांनाही दिला.

डाव्या पायाला दिवसभर क्लच झेपेना, म्हणून व्हॅन बंद झाली. आमच्या कोपऱ्यावर आता दुसरीच गाडी येते, आणि मुलं अजून तिच्या ड्रायव्हरला मावशींच्या गोष्टी सांगतात. मावशी माहेरी, सांगलीला गेल्या. भरपाईतून त्यांनी फक्त बायकांसाठी मोटार शिकवायचा क्लास काढला. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, त्याला उजवा पाय पुरतो. गल्ल्यावर यजमान बसतात. उशिरा येणाऱ्या बायकांना ते फौजी आवाजात झापतात आणि आतून हाक आली की मुकाट्यानं चहा सांगायला उठतात.

मागच्या महिन्यात मी सांगलीला गेले तेव्हा कृष्णेच्या पुलावर त्यांची गाडी दिसली. स्टिअरिंगवर पांढऱ्या केसांच्या, नऊवारीतल्या एक आजी. मागे वाहनांची ही रांग. शेजारी मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेल्या. आजींनी गाडी पूल पार करून नेली, आणि पलीकडं पोचताच दोघींनी खिडक्यांतून हात बाहेर काढून अशी आरोळी ठोकली की पुलावरची माणसं थांबून बघत राहिली.