फॉर्ममधला एक प्रश्न

मरोळला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सैन्यभरतीचा फॉर्म भरायला आलेला एक तरुण सारखा दाराकडे बघत होता, म्हणून मला संशय आला. ‘गुन्हा प्रलंबित आहे का?’ हे मी वाचताच तो म्हणाला, “‘नाही’ टाका.”

“नक्की?”

त्याने कान चोळला. “दारू पिऊन बाईक चालवली म्हणून केस चालू आहे, काका. पण कोणाला कळणार?”

“पोलीस पडताळणीत कळेल. खोटं लिहिलंस तर त्यासाठीही भरतीतून काढतील.”

“मग राहू दे,” म्हणत तो उठला.

दुपारी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात तो फॉर्म भरताना दिसला. मला बघताच त्याने मान खाली घातली. इथे ‘नाही’ टाकून घेतोय, असं मी समजलो. तिथे तो कदाचित खरंही सांगत असेल, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.