पोरीनं काढलेलं झाड

बोईसरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचे. नोकरी संपली, पण रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही आणि घरच्यांनाही ते परवडत नाही. मी घरात असले की सगळ्यांच्या चुका काढत बसते. म्हणून वाणगावच्या आतल्या बाजूच्या एका पाड्यावर जायला लागले. पालघरचा एक तरुण चित्रकार तिथे आधीपासून जात होता. पाड्यावरच्या बायका लग्नघरच्या भिंतीवर जी चित्रं काढतात, तीच गेरूने रंगवलेल्या कापडावर काढायची, त्याचे पडदे आणि पिशव्या शिवायच्या आणि दलालाला वगळून विकायच्या, हे आमचं काम. पत्रकात आम्ही त्याला 'फेअर ट्रेड' म्हणायचो. पाड्यावर त्याला नुसतं 'बाईंचं काम' म्हणत.

तिथल्या एका बाईचा हात सगळ्यांत सुरेख होता. पण भात कापून झालं, दिवाळी सरली की ती आणि तिचा नवरा वीटभट्टीवर जायचे, आणि मुलीला ठेवणार कुणाकडे, म्हणून तीही बरोबर. मुलगी चौथीत होती. हुशार, जरा लाजरी. दिवाळीनंतर तिची शाळा सुटायची ती थेट पुढच्या जूनपर्यंत. "काम भेटला तं अवंदा नाय जायाची भट्टीवर," तिची आई मला म्हणाली होती. "पोर शाळंत राहील." तेवढं काम द्यायचं तर आम्हाला एक मोठी ऑर्डर हवी होती, आणि ती दिवाळीच्या आत हवी होती.

ती जवळजवळ आलीच होती. मुंबईतल्या एका संस्थेला आमचे नमुने आवडले होते. आता त्यांच्याकडच्या एक बाई पाड्यावर येऊन काम कसं चालतं ते बघणार आणि मग ऑर्डर पक्की होणार. चित्रकाराने माझं डोकं खाल्लं. प्यायचं पाणी झाकलेलं आहे ना, बसायला उजेड आहे ना, मोबदला थेट बायकांच्या हातात जातो हे सगळ्यांना सांगता येईल ना? मीही कंबर कसली. बायकांना सांगितलं, पाहुण्या बाई विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, घाबरू नका.

पाहुण्या बाई चांगल्या होत्या. मला माणसं पटकन आवडत नाहीत, पण त्या आवडल्या. ओसरीवर चटईवर मांडी घालून बसल्या, कोरा चहा प्यायल्या, प्रत्येकीला काम दाखवायला सांगून नीट बघत राहिल्या. मग त्या मुलीच्या आईने आपला पडदा उलगडला. मधोमध मोठं झाड होतं. पान न् पान वेगळं, फांद्यांवर पाखरं, बुंध्यावर चढणाऱ्या मुंग्यासुद्धा. पाहुण्या बाई खाली वाकल्या आणि बघतच राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"हा झाड माजे पोरीनं काढला," ती म्हणाली, आणि मागे उभ्या असलेल्या मुलीला पुढे केलं. मुलीने तेल लावून वेणी घातली होती, अंगात ठेवणीतला फ्रॉक होता.

"एकटीने?"

"हो तं! माजेपेक्षा बारीक काढते. आज शाळंत पन नाय धाडली, तुमी येनार म्हनून."

चित्रकाराने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मध्ये पडले, "अहो, हौसेने बसते ती कधीतरी आईजवळ." पण झालं भलतंच. तिला वाटलं, मी तिच्या लेकीचं कौतुक कमी करतेय. "बाई काय पन बोलतात," ती हसून म्हणाली. "दिसभर बसते ती. मान वर नाय करत."

यातलं अर्धं खोटं होतं, हे मला माहीत होतं. ती पोर कसली दिवसभर बसते! पण इथे मुलं आईच्या शेजारी बसूनच शिकतात. लग्नघरची भिंत रंगत असताना खालचा कोपरा त्यांच्या वाट्याला येतो, आणि पाहुण्यांपुढे पोरीचा हात वाखाणायचा म्हणजे घरातलं सगळ्यांत मोलाचं दाखवायचं. दाखवताना कोण हातचं राखून बोलतं? पाहुण्या बाईंनी मात्र पडदा नीट घडी करून ठेवला.

ऑर्डर मिळाली नाही. मुलांकडून काम करून घेतलं जातं तिथला माल आम्ही घेत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं संस्थेने कळवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाहुण्या बाईंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "ताई, मूल हौसेने करतं, असं मला सगळीकडेच सांगतात," त्या म्हणाल्या. "खरं कुणाचं मानू?" मी फोन ठेवला. नियम चुकीचा असता तर बरं झालं असतं. मनसोक्त भांडता तरी आलं असतं. तो नियम मी केला असता तरी असाच केला असता.

पाड्यावर जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. मुलीच्या आईने सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, "पोरीनं चांगला नाय काढला का?"

मला रडू आलं. झाड फारच चांगलं होतं, असं मी तिला दोनदा सांगितलं. मग समजावलं की शाळा बुडवून पोरीला कामाला बसवता, असा त्यांचा समज झाला.

"मंग काय बोलाया पायजे होता?"

"ती शाळेत जाते, काम करत नाही, असं. आणि ते खरंच आहे ना?"

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर चित्रकाराने पालघरच्या बाजारात पिशव्या मांडल्या, मी बोईसरमध्ये घरोघर फिरले, ओळखीच्यांच्या गळ्यात पडदे मारले. त्याने काय होणार? दिवाळी झाली, भट्टीवाल्याचा ट्रक आला आणि तिघं त्यात बसून गेली.

थंडीत मला राहवेना. सफाळ्याच्या आतल्या बाजूला भट्टी आहे असं कळलं होतं, विचारत विचारत गेले. आई साच्यात माती भरत होती. बाप पलीकडे चिखल तुडवत होता. ओल्या विटांची लांबच लांब रांग उन्हात मांडलेली होती आणि मुलगी वाकून एकेक वीट उलटवत पुढे सरकत होती. आजूबाजूला शाळा तर सोडाच, वस्तीही नव्हती.

मला पाहताच ती ताठ उभी राहिली. हात फ्रॉकला पुसले. मी काही विचारायच्या आत, वर्गात पाठ म्हणावा तशी मोठ्याने म्हणाली, "मी काय काम नाय करत, बाई. मी शाळंत जाते."

आईने साच्यावरून मान वर केली. माझ्याकडे पाहत म्हणाली, "आता बराबर बोलली ना?"

मी म्हटलं, हो.