चूक सांगा म्हणणाऱ्या उत्तरा सिस्टर

उत्तरा सिस्टरांचा विषय निघाला की मला थांबवणं कठीण, आधीच सांगून ठेवते.

बाई मूळच्या खडवलीच्या. कल्याणच्या आमच्या हॉस्पिटलात चोवीस वर्षं नर्स. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पेशंटच्या सुरक्षिततेचा कोर्स केला, लेकीकडून, अक्षदाकडून, लॅपटॉप शिकून घेतला, आणि आता शहाडपासून घोडबंदर रोडपर्यंत नर्सेसना शिकवत फिरतात. भाषणबिषण नाही हं! पेशंटचा गाऊन घालून स्वतः कॉटवर पडतात. आमच्या वर्गात मी गोळी घेऊन गेले आणि विचारलं, कलावतीबाई ना? त्यांनी मान डोलावली. मी गोळी पुढे केली, तशा ताडकन उठून बसल्या आणि मनगटावरचा पट्टा दाखवला, त्यावर नाव दुसरंच! म्हणाल्या, आपली माणसं सिस्टरला कधी नाही म्हणत नाहीत. नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि मनगटावरचा पट्टा वाचायचा. आम्ही हसून लोळलो, सगळ्यात जास्त मीच. शेवटी त्यांचं ठरलेलं वचन: चूक झाली तर लगेच सांगा, सांगणारीची नोकरी जाणार नाही, जबाबदारी माझी.

आणि कर्म माझं, महिन्याभरात मी तेच केलं! सात नंबरवर खरंच एक कलावतीबाई होत्या, डायबिटीसच्या. बारावर मंजुळाबाई, जुलाबांनी हैराण. कलावतीबाईंना दया आली, त्यांनी संडासाजवळची आपली कॉट मंजुळाबाईंना देऊन टाकली. आपल्याकडच्या बायका एकमेकींना अशाच सांभाळून घेतात, त्यात सिस्टरला काय विचारायचं? मी आपली सात नंबर बघितला, घाईत विचारलं, कलावतीबाई ना? मंजुळाबाईंनी मान डोलावली. मी इन्सुलिन टोचून मोकळी.

पाच मिनिटांत बारा नंबरवरून कलावतीबाईंनी विचारलं, माझं इंजेक्शन कधी? मी सात नंबरचा पट्टा वाचला: मंजुळाबाई. कुणी पाहिलेलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं. पण सिस्टरांचं वचन आठवलं आणि मी धावत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. लगेच ग्लुकोज चढवलं, दर पंधरा मिनिटांनी साखर तपासली. वाचल्या हो मंजुळाबाई! संध्याकाळी त्यांनी स्वतःहून चहा मागितला, तेव्हा मला रडावं की नाचावं कळेना.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. आम्ही सगळ्या नर्स आणि समोर व्यवस्थापक विनीत सर. त्यांचं म्हणणं सरळ होतं, रुचिताला, म्हणजे मला, काढा, बाकीच्यांना वचक बसेल. उत्तरा सिस्टर तावातावाने भांडल्या. हिला काढलंत तर उद्या एकही पोरगी तोंड उघडणार नाही, मग पेशंटला वाचवायला धावायचं कुणी? सर ऐकेनात. त्यांनी कागदावर माझं नाव लिहायला घेतलं.

उत्तरा सिस्टरांनी हात वर केला.

"माझंही लिहा. एकोणीस वर्षांपूर्वी, ह्याच वॉर्डात, मीपण एकीचं इंजेक्शन दुसरीला दिलेलं. घाबरून कुणाला सांगितलं नाही. त्या बाईला शुद्धीवर यायला तीन दिवस लागले. का, ते आजपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं."

मागे दक्षताने हात वर केला. मग कल्पिताने. मग खिडकीकडच्या तिघींनी. सरांनी पेन खाली ठेवलं. लिहायचंच तर अख्खा वॉर्ड लिहावा लागला असता.