सुरय्या, पश्चिम

रशीद सरांशी बोलत बसलं की वाक्य पुरं होईलच याची खात्री नसे. ओसरीवर चहा आलेला असे, सर रंगात आलेले असत, आणि मध्येच त्यांची नजर भिंतीवरच्या यंत्राच्या छोट्या पडद्याकडे जाई. लगेच मान वळवून ते आत हाक देत, "सुरय्या, पश्चिम." आतून खिडकी लावल्याचा आवाज येई. मग सर मला विचारत, "हं ताई, मी काय सांगून राह्यलो होतो?" ते बहुधा मलाही आठवत नसे.

आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. देऊळघाटला आमची घरं एकमेकांना लागून, मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. पश्चिमेला दोन शेतं सोडली की वीटभट्टी. सुरय्याभाभींना दमा होता. भट्टीकडून वारा सुटला की त्यांची रात्र उशीला टेकून बसण्यात जायची. मी सरांना म्हणायची, तक्रार करा. ते म्हणत, "भट्टी लोकाईच्या पोटासाठी हाय, वारा अल्लाचा हाय. आपल्या हाती खिडकी. तेवढी सांभाळू." मला याचा राग येई. हा सोशिकपणा नाही, आळस आहे, असं मी तोंडावर सांगितलं, तर हसले.

पण माणूस आळशी नव्हता. उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या लावून बसलं तर दम्याआधी उकाड्यानंच जीव जायचा. म्हणून त्यांनी हवामान मोजायचं घरगुती यंत्र मागवलं आणि गच्चीवर खांब उभा केला. त्यावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या आणि दिशा दाखवणारा शेपटीचा बाण. बाणाखाली लोहचुंबक आणि आठ बारीक खटके. ज्या खटक्यावर बाण येई, त्या दिशेचं नाव खाली पडद्यावर उमटे. गल्लीतल्या पोरांनी पुस्तकातला वातकुक्कुट आठवून त्याचं नाव 'सरांचा कोंबडा' ठेवलं. सरांना ते फार आवडलं. बाण वाऱ्याकडे तोंड करून का उभा राहतो, हे ते येईल त्याला समजावत. "पाहुण्याले आधी गाव विचारतात, कुठं चालला ते मागून. वाऱ्याचंही तसंच."

यंत्राला पश्चिम कुठली ते आधी दाखवून द्यावं लागतं. सरांनी मशिदीच्या भिंतीशी बाणाच्या बैठकीवरची रेष जुळवली आणि बैठक घट्ट केली. होकायंत्र कपाटात होतं, पण ते काढायचं सुचलं नाही. आमच्या गल्लीत पश्चिम म्हणजे मशीद नमाजाला तोंड करते ती बाजू. माझ्याही घराचा दरवाजा कुठे तोंड करतो, हे मी तिच्यावरूनच सांगते.

चैत्रातली एक दुपार. पडद्यावर नैऋत्य आलं. खिडकी लावू का, असं भाभींनी विचारलं. राहू दे उघडी, तिकडून धूर येत नाही, असं सर म्हणाले. संध्याकाळपर्यंत भाभींना शब्द फुटेना. जीप करून बुलढाण्याला नेलं, नाकाला ऑक्सिजन लावला. बाहेरच्या बाकावर सर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "ते विचारत होती, ताई. मीच उघडी ठेवाले लावली."

भाभी घरी आल्यावर सरांनी गच्चीत काठी उभी केली. माध्यान्हीला सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती नेमकी दक्षिणोत्तर पडते. तिच्यावरून त्यांनी खडूनं दिशा आखल्या. मशिदीची पश्चिम उत्तरेकडे कललेली निघाली. भट्टीकडचा वारा त्यामुळेच पडद्यावर कधी पश्चिमेत, तर कधी नैऋत्येत जाऊन बसत होता. सरांनी रेष पुसून पुन्हा आखली, तरी तेच. जन्मभर तिथं नमाज पढलेला माणूस! "मशीद मक्केकडं पाहते, ताई," ते म्हणाले. "तिले भट्टीशी काय घेणं? मीच येडा." बाणाची बैठक फिरवून घट्ट करेपर्यंत खांब मी धरून ठेवला होता.

मागच्या वर्षी त्यांनी दुसरा पडदा आणून माझ्या स्वयंपाकघरात लावला. मी नमाजाला गेलो तर तुम्ही आवाज द्या, म्हणाले. पावसाळ्यात ते गेले. हृदयाचं दुखणं त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. तेव्हा भट्टी बंद होती.

दिवाळीनंतर भट्टी पेटली. एका सकाळी पडद्यावर पश्चिम आलं आणि माझा आवाज काही केल्या निघेना. मी कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले. धूर मलासुद्धा जाणवत होता. भाभी उघड्या खिडकीशी नाकाला ओढणी लावून बसल्या होत्या. मी कशीबशी हाक दिली, तेव्हा उठून त्यांनी खिडकी लावली.

मी जाऊन रागावलेच. वास येत नव्हता का, म्हणून विचारलं.

"येते ना," भाभी म्हणाल्या. "पडद्याच्या आधी येते, पहिल्यापासूनच येते. त्या दिवशीही आला होता. त्याईनं एवढं यंत्र लावलं मह्यासाठी. त्याईनं आवाज देल्याबिगर मी खिडकी कधी लावली नाही."

मग म्हणाल्या, "तुम्ही देत जा आवाज."

मी देते. घरी कोणी आलं की आता माझीही वाक्यं अर्ध्यावर राहतात.